पायाची अँजिओप्लास्टी आणि त्यानंतरची वर्षे : एक आढावा

पायांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या स्तरात मेद, तंतू आणि कॅल्शियम यांचे थर साचून त्या अरुंद होतात किंवा पूर्णपणे बंद पडतात, या विकाराला वैद्यकात परिघीय धमनीविकार म्हणतात. हृदयविकार आणि पक्षाघात ज्या मुळातून उद्भवतात त्याच मुळातून हाही उद्भवतो. परंतु छातीत कळ आली की जशी धावपळ होते तशी पोटरीत कळ आली तर होत नाही, आणि म्हणून बोट काळे पडेपर्यंत किंवा जखम चिघळेपर्यंत रुग्ण घरीच राहतो. गेल्या सहा दशकांत या विकारावरील उपचारांचे स्वरूप पालटले. पूर्वी जेथे मोठी चीर देऊन बायपास करणे किंवा पाय कापणे एवढेच मार्ग होते, तेथे आता जांघेतील धमनीत सुईने प्रवेश करून, बारीक तार आणि नळी अडथळ्यापर्यंत नेऊन, फुगा फुगवून किंवा धातूची जाळी बसवून रक्तप्रवाह पूर्ववत करता येतो आणि बहुसंख्य रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातात. हा तात्कालिक फायदा निर्विवाद आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: उघडलेली वाहिनी दोन, तीन, पाच वर्षे उघडी राहते का, पाय शाबूत राहतो का, आणि रुग्ण जगतो व चालतो का? या प्रश्नासंबंधी जगभरात जमलेला पुरावा नाशिकसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात तपासला असता असे दिसते की दीर्घकालीन यशाचा लहान भाग फुग्याच्या आणि जाळीच्या दर्जावर अवलंबून आहे, तर मोठा भाग रुग्णाच्या योग्य निवडीवर आणि प्रक्रियेनंतरच्या काटेकोर पाठपुराव्यावर अवलंबून आहे.

विकाराचे स्वरूप आणि नाशिकची पार्श्वभूमी

या विकाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आरंभी कोणतेही लक्षण नसते. पुढे ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर तो ओसरतो. त्याहीपुढे झोपल्यावर पाऊल ठणकते आणि पाय पलंगाखाली सोडल्यावरच बरे वाटते. अखेरीस न भरणारी जखम किंवा गँगरीन होते. शेवटच्या दोन अवस्थांना मिळून अवयव गमावण्याचा धोका असलेली दीर्घकालीन रक्तन्यूनता म्हणतात. तीवर उपचार झाले नाहीत तर वर्षभरात सुमारे पाचांपैकी एक रुग्ण दगावतो आणि जवळजवळ तेवढ्याच रुग्णांचा पाय कापावा लागतो. निदानाची पहिली पायरी स्वस्त आणि सोपी आहे: घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात आणि ते 0.9 किंवा त्याहून कमी आले तर विकार असल्याचे मानतात. मात्र जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या विकारात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती इतकी कडक होते की हे गुणोत्तर फसवे, कधी 1.4 च्याही वर येते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजणे हाच विश्वासार्ह मार्ग असतो.

जगात 2010 साली सुमारे 20 कोटी लोकांना हा विकार असावा, असा अंदाज 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणाने मांडला. भारतातील लोकसंख्याधारित अभ्यास थोडेच आहेत; त्यांपैकी चेन्नईच्या शहरी पाहणीत 2000 च्या सुमारास हे प्रमाण एकंदर 3.2 टक्के, तर मधुमेहींमध्ये 6.3 टक्के आढळले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या पुढे गेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. तंबाखू हे दुसरे मोठे कारण. 2016-17 च्या प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र असून विडी ओढणाऱ्या तरुण, कष्टकरी पुरुषांमध्ये आढळणारा बर्गरचा विकार भारतीय रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांना चांगला परिचित आहे. लिओ बर्गर यांनी 1908 साली वर्णिलेल्या या विकारात मेदाचे थर साचत नाहीत, तर लहान धमन्या दाहाने आणि गुठळ्यांनी बंद होतात. तंबाखू सुटली नाही तर त्यात कोणतीही अँजिओप्लास्टी टिकत नाही, म्हणून त्याचा विचार पुढील चर्चेपासून वेगळा ठेवणे आवश्यक आहे.

फुगा, जाळी आणि पहिली निराशा

16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्षकिरणतज्ज्ञाने पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या 82 वर्षांच्या एका स्त्रीच्या मांडीतील अरुंद धमनी एकाहून एक जाड नळ्या आतून सरकवून रुंद केली. तिचा पाय वाचला आणि ती पुढे आपल्या पायावर चालत राहिली. सूक्ष्म छेदातून धमनी उघडण्याच्या शास्त्राचा आरंभ हृदयापासून नव्हे, पायापासून झाला ही बाब उल्लेखनीय आहे. झुरिकमधील आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी 1974 साली फुग्याची नळी प्रथम पायाच्याच धमनीत वापरली आणि 1977 साली ती हृदयाच्या धमनीत नेली. पुढे हृदयाच्या बाबतीत प्रगती वेगाने होत गेली, तर पायाच्या बाबतीत यश तात्पुरते ठरत राहिले.

याचे कारण धमनीच्या प्रतिसादात आहे. फुगा फुगवणे म्हणजे धमनीच्या आतल्या स्तराला नियंत्रित इजा करणे होय. त्या इजेनंतर प्रथम धमनीची लवचीक भिंत काही प्रमाणात पुन्हा आकसते, कधी सुटलेला पापुद्रा प्रवाहात लोंबकळतो, आणि पुढील काही महिन्यांत भिंतीतील स्नायुपेशी वाढून आतून नवा थर तयार होतो. या सर्वांच्या परिणामाला पुनर्संकोच म्हणतात. धातूच्या जाळीने, म्हणजे स्टेंटने, पहिल्या दोन अडचणी दूर होतात, तिसरी मात्र राहते. व्हिएन्ना येथील 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मांडीच्या धमनीतील अडथळ्यांवर केवळ फुगा वापरलेल्यांपैकी 63 टक्के, तर निटिनॉल या निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूचा स्टेंट बसवलेल्यांपैकी 37 टक्के रुग्णांत एका वर्षात पुनर्संकोच आढळला. सुधारणा मोठी होती, तरीही तीनांपैकी एकाहून अधिक वाहिन्या वर्षभरात पुन्हा अरुंद झाल्या होत्या.

मांडीची धमनी हृदयाच्या धमनीहून लांब असून चालताना ती वाकते, पिळली जाते, दाबली जाते आणि आखडते, त्यामुळे तीतील स्टेंटवर रोज हजारो वेळा ताण पडतो. जर्मनीतील लाइपझिग येथे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टेंट बसवलेल्या पायांपैकी 37 टक्के पायांत क्ष-किरणावर स्टेंट तुटलेला दिसला आणि तुटलेल्या जागी पुनर्संकोचाचे प्रमाण अधिक होते. ज्या समाजात उकिडवे बसून निंदणी-खुरपणी केली जाते, मांडी घालून जेवले जाते आणि ग्रामीण भागात अजूनही उकिडवे बसण्याचे शौचालय सर्रास आहे, तेथे गुडघ्यामागच्या धमनीचा वाकण्याचा कोन पाश्चात्त्य चाचण्यांतील रुग्णांहून पुष्कळ मोठा असणार, हे उघड आहे. म्हणून गुडघ्याच्या सांध्यावर शक्यतो स्टेंट न बसवणे आणि बसवावाच लागला तर विणलेल्या तारांचा, वाकणे सोसणारा स्टेंट निवडणे, हा तत्त्वतः सर्वत्र मान्य असलेला नियम निफाडच्या द्राक्षबागेत किंवा पेठच्या भातखाचरात राबणाऱ्या रुग्णासाठी अधिकच महत्त्वाचा ठरतो.

औषधी फुगे : आशा, वाद आणि तारतम्य

पेशींची अतिरिक्त वाढ रोखणारे औषध फुग्यावर किंवा स्टेंटवर लेपून पुनर्संकोच टाळता येईल, ही कल्पना गेल्या दीड-दोन दशकांत प्रत्यक्षात आली. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध लावलेल्या फुग्याच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर वाहिनी खुली राहण्याचे प्रमाण 82.2 टक्के, तर साध्या फुग्याने 52.4 टक्के आढळले. आणि याच औषधाच्या स्टेंटच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात हे प्रमाण 66.4 टक्के, तर तुलनेच्या नेहमीच्या उपचारगटात 43.4 टक्के होते. परिघीय धमनीच्या उपचारात पाच वर्षांचा टिकाऊ फायदा दाखवणारा हा महत्त्वाचा पुरावा ठरला.

डिसेंबर 2018 मध्ये मात्र 28 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने असा इशारा दिला की पॅक्लिटॅक्सेलची साधने वापरलेल्या रुग्णांत दोन आणि पाच वर्षांनी मृत्यूचे प्रमाण अधिक दिसते. त्यातून जगभर या साधनांचा वापर रोडावला. स्वीडनमधील नोंदवहीवर आधारित चाचणीच्या 2289 रुग्णांच्या अंतरिम निष्कर्षात 2020 साली असा फरक आढळला नाही, आणि अधिक पूर्ण माहितीची छाननी करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2023 मध्ये उपलब्ध पुरावा वाढीव मृत्यूच्या भीतीला पुष्टी देत नाही असे जाहीर केले. परंतु याच स्वीडिश चाचणीचे अंतिम निष्कर्ष आणि ब्रिटनमधील बेसिल-3 ही चाचणी 2025 साली प्रसिद्ध झाली तेव्हा अधिक मूलभूत प्रश्न उभा राहिला: धोक्यातील पायांच्या रुग्णांत औषधी साधनांनी पाय वाचण्याचे प्रमाण साध्या साधनांच्या तुलनेत ठळकपणे वाढले नाही, आणि केवळ चालताना दुखणाऱ्या रुग्णांच्या जीवनमानातही अपेक्षित फरक पडला नाही. वाहिनी खुली राहणे आणि रुग्णाचे भले होणे या दोन गोष्टी निगडित असल्या तरी एकच नाहीत, हा या दोन चाचण्यांचा धडा आहे. पुन्हा प्रक्रिया करण्याची वेळ टाळणे हा औषधी फुग्याचा खरा फायदा आहे आणि दूरच्या गावाहून, मजुरी बुडवून येणाऱ्या रुग्णासाठी तो लहान नाही; मात्र महागडे साधन वापरले म्हणजे पाय वाचला, ही समजूत पुराव्याला धरून नाही.

पॅक्लिटॅक्सेलला पर्याय म्हणून सिरोलिमस या औषधाचे फुगे पुढे येत असून त्यांतील मॅजिकटच हा एक प्रमुख फुगा सुरतच्या भारतीय कंपनीने विकसित केला आहे. देशात बनणाऱ्या साधनांमुळे किंमत आटोक्यात येण्याची शक्यता आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी 2017 मध्ये किमतीची जी कमाल मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटसाठी होती. पायाच्या साधनांबाबत तसा विचार होणे अगत्याचे आहे.

गुडघ्याखालच्या धमन्या

मधुमेही रुग्णांत अडथळे बहुधा गुडघ्याखालच्या तीन बारीक धमन्यांत असतात. त्या लांबवर आणि कॅल्शियमने कडक होऊन बंद झालेल्या असतात. येथे दीर्घकाळ फुग्याला पर्याय नव्हता. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या लाइफ-बीटीके या 261 रुग्णांच्या चाचणीत एव्हरोलिमस हे औषध सोडून कालांतराने विरघळून जाणारी जाळी आणि साधा फुगा यांची तुलना झाली. वर्षअखेर पाय व वाहिनी यांसंबंधीचे अपेक्षित यश जाळीच्या गटात 74 टक्के आणि फुग्याच्या गटात 44 टक्के रुग्णांना लाभले. यात अडथळ्यांची लांबी मर्यादित होती, हे विसरता येत नाही. ज्या रुग्णांत पावलापर्यंत उघडण्यासारखी एकही धमनी उरलेली नसते, त्यांच्यासाठी धमनीतील रक्त शिरेकडे वळवून पावलापर्यंत नेण्याची पद्धत विकसित झाली असून 2023 च्या एका अभ्यासात अशा 105 रुग्णांपैकी सुमारे 66 टक्के सहा महिन्यांनंतर हयात होते आणि त्यांचा पाय घोट्यावर कापावा लागला नव्हता.

साधनांइतकीच महत्त्वाची आहे ती धमनीची तयारी. धमनीच्या आत ध्वनिलहरींचे सूक्ष्म उपकरण सरकवून तिचा खरा व्यास मोजला तर फुगा आणि स्टेंट यांचे माप अचूक निवडता येते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 150 रुग्णांच्या चाचणीत असे केलेल्या गटात वर्षभर पुनर्संकोचापासून मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण 72.4 टक्के, तर केवळ अँजिओग्राफीवर विसंबलेल्या गटात 55.4 टक्के होते. कॅल्शियम फोडण्यासाठी फुग्यातून आघातलहरी सोडण्याची पद्धतही 306 रुग्णांच्या चाचणीत उपयुक्त ठरली आणि तीमुळे स्टेंट बसवण्याची गरज 18.3 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर आली. स्टेंट न बसवता काम भागणे हाही दीर्घकालीन लाभच होय, कारण पुढे बायपास करावी लागली तर शल्यचिकित्सकासाठी धमनी मोकळी राहते.

फुगा की बायपास : निवडीचे महत्त्व

सूक्ष्म छेदाचा उपचार प्रत्येकासाठी योग्य असतो, असे समजणे रुग्णाच्या हिताचे नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या 1830 रुग्णांच्या चाचणीत ज्यांच्या पायातील लांब शीर बायपाससाठी चांगल्या स्थितीत होती, अशांपैकी मोठी पुनःप्रक्रिया, घोट्यावरून पाय कापणे किंवा मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण बायपासच्या गटात 42.6 टक्के, तर सूक्ष्म छेदाच्या गटात 57.4 टक्के होते. चांगली शीर नसलेल्यांत असा फरक दिसला नाही. याउलट 2023 साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या बेसिल-2 या 345 रुग्णांच्या चाचणीत गुडघ्याखालच्या अडथळ्यांसाठी प्रथम सूक्ष्म छेदाचा मार्ग निवडलेल्यांत मोठा अवयवच्छेद किंवा मृत्यू यांचे प्रमाण 53 टक्के आणि बायपासच्या गटात 63 टक्के आढळले. या दोन चाचण्यांमधील रुग्ण वेगळे होते, मोजमापेही वेगळी होती. म्हणून त्यांचा एकत्रित अर्थ असा की निर्णय साचेबंद नसावा. रुग्णाचे वय व हृदयाची क्षमता, जखमेची खोली, रक्तन्यूनतेची तीव्रता, पावलातील जंतुसंसर्ग, अडथळ्याची लांबी आणि वापरण्याजोगी शीर उपलब्ध आहे की नाही, या सहा गोष्टी पाहून तो घ्यावा. जखम, रक्तन्यूनता आणि संसर्ग यांना प्रत्येकी 0 ते 3 गुण देणारी 2014 साली अमेरिकेत तयार झालेली पद्धत यासाठी उपयोगी आहे, कारण ती मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही आणि तालुक्याच्या रुग्णालयातील वैद्यकही ती वापरू शकतो. रक्तवाहिनी शल्यचिकित्सक, हस्तक्षेपी क्षकिरणतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ यांनी असा रुग्ण एकत्र बसून पाहिला तर ज्याच्या हाती जे कौशल्य आहे तोच उपचार रुग्णाच्या वाट्याला येण्याचा धोका टळतो. शिरेची स्थिती पाहण्यासाठी एक साधी सोनोग्राफी पुरेशी असते. ती न करताच फुगा फुगवणे हे अपुऱ्या तयारीचे लक्षण आहे.

प्रक्रियेनंतरची औषधे आणि चालणे

धमनी एका जागी उघडली तरी विकार सर्व शरीरात असतो, आणि या रुग्णांचा मृत्यू बहुधा पायामुळे नव्हे, हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने होतो. म्हणून दीर्घकालीन परिणाम सुधारण्याचे सर्वांत स्वस्त साधन औषधाच्या चिठ्ठीत असते. कोलेस्टेरॉल घटवणारी स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांत पायाशी संबंधित गंभीर घटना सुमारे 18 टक्क्यांनी कमी असल्याचे रीच या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत 2014 साली दिसले. रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या औषधांबाबत 2020 सालची व्हॉयेजर ही 6564 रुग्णांची चाचणी निर्णायक आहे: पायाच्या वाहिनीवरील उपचारानंतर अ‍ॅस्पिरिनसोबत रिव्हरोक्झाबॅन हे औषध 2.5 मिलिग्रॅमच्या लहान मात्रेत दिवसातून दोनदा दिले असता तीन वर्षांत पाय अचानक गार पडणे, रक्तवाहिनीच्या विकारामुळे पाय कापणे, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू या एकत्रित घटनांचे प्रमाण 19.9 टक्क्यांवरून 17.3 टक्क्यांवर आले. रक्तस्रावाचा धोका काहीसा वाढतो, म्हणून वृद्ध, मूत्रपिंड दुर्बल असलेल्या किंवा पूर्वी रक्तस्राव झालेल्या रुग्णांत तारतम्य हवे. रक्तदाब आणि मधुमेह यांचे नियंत्रण आणि तंबाखूचा, मिश्री व गुटखा धरून, पूर्ण त्याग ही तर पूर्वअटच आहे.

चालण्याच्या व्यायामाकडे आपल्याकडे औषध म्हणून पाहिले जात नाही, ही मोठी उणीव आहे. आठवड्यातून निदान तीनदा, प्रत्येक वेळी 30 ते 45 मिनिटे, पोटरी मध्यम दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालणे असा देखरेखीखालचा कार्यक्रम किमान 12 आठवडे केला असता वेदनारहित चालण्याचे अंतर वाढते, कारण स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुधारते. नेदरलँड्समधील 212 रुग्णांच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ व्यायामापेक्षा अँजिओप्लास्टी आणि व्यायाम यांची जोड वर्षअखेर अधिक फलदायी ठरली. गोदाकाठचे रस्ते, शहरातील जॉगिंग ट्रॅक आणि गावोगावची शाळेची मैदाने यांसाठी पुरेशी आहेत. उणीव आहे ती रुग्णाला नेमकी पद्धत शिकवून त्याची नोंद ठेवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची.

पावलाची निगा

धमनी उघडल्यानंतर जखम भरण्यास आठवडे, कधी महिने लागतात आणि तेवढा काळ रक्तपुरवठा वाढलेला राहणे हेच फुग्याचे पहिले काम असते. परंतु जखमेवरचा भार हटवला नाही, मृत पेशी काढल्या नाहीत, संसर्ग आवरला नाही तर खुली धमनीही पाय वाचवू शकत नाही. या क्षेत्रात महाराष्ट्राचे काम मोलाचे आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांच्या सहभागाने भारत आणि टांझानिया येथे 2004 साली सुरू झालेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ या प्रकल्पात डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना पावलाची तपासणी, जखमेची साफसफाई आणि योग्य पादत्राणे यांचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि साधनांची कमतरता असलेल्या प्रदेशांतही अवयवच्छेद टाळता येतात हा विश्वास त्यातून बळावला.

नाशिकच्या धार्मिक जीवनाचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. नवरात्रात अनेक भाविक नऊ दिवस अनवाणी राहतात, सप्तशृंगगडाची वाट पायी तुडवतात, श्रावणात ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालतात आणि संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जातात. मधुमेहाने संवेदना गेलेल्या आणि रक्तपुरवठा क्षीण असलेल्या पावलाला तापलेल्या फरशीचा चटका किंवा खडा रुतल्याचेही कळत नाही, आणि महिन्यांपूर्वी यशस्वी झालेली अँजिओप्लास्टी त्या एका जखमेमुळे निष्फळ ठरू शकते. श्रद्धेचा मान राखून मऊ, बंद पादत्राणे घालण्याचा सल्ला देवस्थाने, दिंडीप्रमुख आणि वैद्यक यांनी मिळून दिला तर तो ऐकला जाईल. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आरोग्य नियोजनात पावलाच्या तपासणीला जागा देणे याच दृष्टीने योग्य ठरेल.

पाठपुराव्याची व्यवस्था

पुनर्संकोच बहुधा पहिल्या वर्षात होतो आणि आरंभी तो मुकाट असतो. म्हणून प्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात, नंतर तीन व सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी घोटा-दंड गुणोत्तर आणि डॉप्लर सोनोग्राफी करण्याची शिफारस केली जाते. अरुंद जागी रक्ताचा वेग लगतच्या निरोगी भागाच्या सुमारे अडीचपट झाला तर पुनर्संकोच लक्षणीय मानतात. अशी वाहिनी पूर्ण बंद पडण्याआधी पुन्हा उघडणे सोपे असते, बंद पडल्यावर ते कठीण आणि खर्चिक होते. येथेच व्यवस्थेची कसोटी लागते. सुरगाण्याचा किंवा कळवणचा रुग्ण बोट बरे झाल्यावर शहरात परत येत नाही, कारण प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी दोन्ही त्याला परवडत नाहीत.

राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना 2012 साली निवडक जिल्ह्यांत आणि 2013 पासून राज्यभर लागू झाली; 2017 साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले आणि पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली जाऊन आता प्रतिकुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. आरंभीच या योजनेत 971 प्रक्रियांसोबत 121 पाठपुरावा पॅकेजे होती. प्रक्रियेनंतरची काळजी हाही उपचाराचाच भाग आहे हे तत्त्व त्यामुळे मान्य झालेले आहे. तेच तत्त्व पायाच्या धमनीविकाराला पूर्णपणे लागू करून प्रक्रियेनंतरच्या किमान दोन वर्षांचे डॉप्लर, औषधे, जखमेची मलमपट्टी आणि विशेष पादत्राणे एकाच पॅकेजमध्ये आणणे हा दीर्घकालीन परिणाम सुधारण्याचा सर्वांत थेट प्रशासकीय मार्ग आहे.

त्यासाठी लागणाऱ्या संस्था नाशिकमध्ये आहेत. शालिमार भागातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, आडगाव येथील मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि खासगी रुग्णालये यांच्यात परस्पर संदर्भाची साखळी बांधता येते. आशा कार्यकर्त्या आणि उपकेंद्रे 30 वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी करतातच, तीत पावलाची नाडी चाचपणे आणि पाऊल पाहणे हे दोन मिनिटांचे काम जोडता येते. 1998 साली नाशिकमध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पायाच्या अँजिओप्लास्टीची राज्यव्यापी नोंदवही सुरू केली, तर कोणत्या रुग्णाची कोणती धमनी कशाने उघडली, वर्षाने आणि पाच वर्षांनी त्याचा पाय आणि तो स्वतः कोणत्या स्थितीत आहे, याची उत्तरे प्रथमच महाराष्ट्राच्या मातीतून मिळतील. स्वीडनने औषधी फुग्याचा निवाडा अशाच राष्ट्रीय नोंदवहीच्या बळावर केला, ही गोष्ट येथे अनुकरणीय आहे.

निष्कर्ष

सहा दशकांच्या अनुभवाचा गोषवारा असा निघतो. औषधी फुगे, विरघळणाऱ्या जाळ्या, आघातलहरी आणि अंतर्गत प्रतिमातंत्र यांनी वाहिनी खुली राहण्याचा काळ निश्चित वाढवला आहे, परंतु पाय आणि प्राण वाचवण्याचे काम एकट्या साधनाने होत नाही. योग्य रुग्णासाठी योग्य मार्ग निवडणे, प्रक्रियेनंतर स्टॅटिन व रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारी औषधे न चुकता चालू ठेवणे, तंबाखू सोडवणे, चालायला शिकवणे, पावलाची निगा राखणे आणि ठरल्या तारखेला डॉप्लर करणे, या सर्व गोष्टी मिळूनच दीर्घकालीन यश घडते. त्यांतील बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत आणि जिल्ह्याच्या पातळीवर शक्य आहेत. महाग आहे तो वेळेवर न झालेला उपचार आणि त्यापोटी गमावलेला पाय. म्हणून यापुढे रुग्णालयाचे आणि शासकीय योजनेचे मूल्यमापन किती धमन्या उघडल्या या आकड्यावर न करता, पाच वर्षांनंतर किती रुग्ण आपल्या दोन्ही पायांवर चालत आहेत या आकड्यावर करावे, आणि मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्या प्रत्येक पन्नाशीच्या व्यक्तीने वर्षातून एकदा मोजे काढून आपले पाऊल वैद्यकाला दाखवावे.